जिन्याखालील बसच्या सामानाविषयी

ए-१०२ : सर्वांना नमस्कार. गेल्या मासिक बैठकीत ठरूनही आमच्या विंगच्या जिन्याखाली बसचे बाकडे, मार्गांच्या पाट्यांची कापडी गुंडाळी, घंटा आणि तिकिटांच्या पत्र्याच्या पेट्या जशाच्या तशा पडून आहेत. काल सासूबाईंचा पाय त्या बाकड्याला अडला. बी-४०१ मधील काकांविषयी पूर्ण आदर बाळगून विचारते, की हे भंगार आणखी किती दिवस राहणार आहे?

खजिनदार : २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार जिना आणि बाहेर पडण्याची वाट मोकळी असणे बंधनकारक आहे. जुलैमध्ये आपल्याला ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र सादर करायचे आहे.

बी-४०१ : आजींना लागले नाही ना, हे कृपया आधी कळवावे. सामान हलवण्यास माझी हरकत नाही. ‘भंगार’ या शब्दाला मात्र आहे. ते बाकडे बेस्टच्या डबल डेकरच्या वरच्या मजल्यावरचे आहे. १९३७ साली मुंबईत आलेली ही गाडी १९९० च्या दशकात नऊशेच्या आसपास संख्येने धावत होती, आणि जुन्या, बिगर-वातानुकूलित डबल डेकरची शेवटची फेरी १५ सप्टेंबर २०२३ रोजी आगरकर चौक ते सीप्झ या ४१५ क्रमांकाच्या मार्गावर झाली, तेव्हा लोकांनी तिला सजवून निरोप दिला. पंधरा वर्षांचे आयुर्मान संपले की गाडी मोडीत निघते, हा नियम मलाही मान्य आहे. पण मोडीतून चार वस्तू वाचल्या नाहीत, तर पुढच्या मुलांना कोणती गाडी कशी होती हे दाखवणार कशावरून?

सी-१०५ : काका चौथ्या मजल्यावर राहतात, तेव्हा वरच्या मजल्याची ओढ त्यांना असणारच. 😀

ए-३०२ : वरच्या मजल्याचा विषय निघालाच आहे, तर लिफ्टचे काय झाले, हेही समितीने सांगावे.

सचिव : लिफ्टविषयी स्वतंत्र सूचना काढली जाईल. कृपया मूळ विषयावरच लिहावे.

डी-३०४ : मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. जुन्या बसचे कौतुक करताना आपण तिचा मागचा उघडा दरवाजा आणि चालत्या गाडीत दांड्याला धरून चढणारी मुले विसरतो. माझी मुलगी पिवळ्या बसने जाते. तिच्या बसमध्ये वेगनियंत्रक आहे, मुलींसाठी महिला सहायक आहे, आणि ही व्यवस्था स्कूल बससाठी २०११ मध्ये झालेल्या नियमांमुळे आली. मला तो जुना काळ परत नको आहे.

बी-४०१ : वहिनी, तुमची काळजी रास्त आहे आणि तो दरवाजा धोक्याचा होता, हे मी नाकारत नाही. तरीही एक फरक नोंदवावासा वाटतो. आमच्या शाळेची स्वतःची बस नव्हती. सवलतीचा पास घेऊन आम्ही गिरणी कामगार, कारकून आणि कोळणींबरोबर एकाच गाडीत बसत होतो. वरच्या मजल्यावर उभे राहू देत नसत, म्हणून पुढच्या खिडकीशेजारची जागा मिळावी यासाठी आम्ही एक गाडी सोडून दुसरीची वाट पाहायचो. खालचा आणि वरचा असे दोन वाहक असत, आणि वरच्या वाहकाला प्रत्येक मुलाचा थांबा पाठ असे. पेंगलेल्याला तो तिकिटाच्या पंचाचा आवाज करून उठवत असे. मुले शहराला ओळखत होती आणि शहर मुलांना ओळखत होते. बंद काचेच्या बसमधून, फक्त स्वतःच्याच शाळेच्या मुलांसोबत जाताना, ही ओळख होत नाही.

खजिनदार : पुन्हा नमूद करतो, की जिना मोकळा असणे बंधनकारक आहे.

सी-२०३ : चर्चा मुंबईपुरतीच चालली आहे, म्हणून लिहिते. १ जून १९४८ रोजी पुणे–नगर मार्गावर पहिली एसटी धावली, आणि पुढे जिथे गाडी पोहोचली तिथल्या मुली शाळेत पोहोचल्या, असे मी स्वतःच्या गावावरून ठामपणे म्हणू शकते. आमच्याकडे रात्री मुक्कामी गाडी येत असे. चालक-वाहक मारुतीच्या देवळात झोपत, आणि पहाटे तीच गाडी आम्हाला तालुक्याच्या हायस्कुलात नेत असे. ती गाडी मुक्कामाला नसती, तर माझे शिक्षण सातवीतच संपले असते. शहरात वसतिगृहात राहणाऱ्या भावाचा जेवणाचा डबाही तिच्यातूनच जायचा, आणि वाहक तो न चुकता उतरवून देत असे. काकांच्या गुंडाळीत मुंबईची नावे आहेत. माझ्या मनातली पाटी वेगळी आहे, पण भावना तीच आहे.

ए-१०२ : ताई, वाचून बरे वाटले, आणि सासूबाई ठीक आहेत. माझी तक्रार आवडीविषयी नव्हती, जागेविषयी होती. मात्र मागील वर्षी आमच्या सायकली त्याच जिन्याखालून चोवीस तासांत काढायला लावल्या होत्या, हे समितीला आठवत असावे.

सचिव : नियम सर्वांना सारखाच आहे. रविवारपर्यंत सामान हलवावे.

डी-३०४ : माझ्या मताला धरूनच एक सुचवते. वाचनालयाच्या खोलीत उत्तरेकडची भिंत रिकामी आहे. बाकडे तेथे भिंतीला पक्के बसवावे, म्हणजे मुले त्यावर बसून वाचतील, आणि घंटा दोरीसह टांगावी. गाडी निघताना दोन टोले आणि थांबताना एक, हे माझ्या मुलीला काकांनी समजावून सांगावे.

सी-१०५ : अनुमोदन. रविवारी बाकडे उचलायला मी आणि माझा भाऊ येतो.

खजिनदार : वाचनालयाच्या दाराची वाटही मोकळी राहिली पाहिजे.

बी-४०१ : राहील, मी माप घेऊन ठेवले आहे. वहिनी, तुमचे विशेष आभार. उचलणाऱ्यांना एक विनंती : पाट्यांची गुंडाळी ओल्या फडक्याने पुसू नये, कारण कापडावरचा रंग सुटतो. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढावी, घडी न घालता दोन्ही दांड्यांवर सैलसर गुंडाळावी, आणि मध्ये घालायला बटर पेपर मी माझ्याकडून आणून देईन.