कुंडीतला ओलावा कसा ओळखता? इंदूरकरांनो, आपापली पद्धत सांगा

एप्रिल-मे मध्ये गच्चीवरच्या कुंडीत वरची माती दुपारपर्यंत पांढरी पडते, भेगाळते, आणि चार इंच खाली मुळांशी चिखल असतो. वर कोरडं दिसलं म्हणून रोज पाणी घातलं की मोगरा पिवळा पडतो आणि दोष उन्हाला जातो. तेव्हा पाणी द्यायचं की नाही हे तुम्ही कशावरून ठरवता ते लिहा. कुंडीचा आकार, मातीचं मिश्रण आणि आकडे द्या. 'अंदाजाने' एवढ्याने नवशिक्याचं काम भागत नाही.

तुळसवाली, लोकमान्यनगर

बोट आणि काडी. ८ इंचापर्यंतच्या कुंडीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घालायचं. तिथे थंड आणि ओलसर लागलं तर त्या दिवशी पाणी नाही. त्याहून मोठ्या कुंडीत बांबूची न रंगवलेली काडी कडेपासून दोन इंच आत, कुंडीच्या पाऊण खोलीपर्यंत खोचा आणि १० मिनिटं ठेवा. बाहेर काढल्यावर जेवढा भाग गडद झाला असेल आणि मातीचे कण चिकटले असतील तिथे ओल आहे. खालचा अर्धा भाग गडद असेल तर थांबा. फक्त टोक गडद असेल तर पाणी द्या. काडी दर वेळी नव्या जागी खोचायची, एकाच भोकातून हवा जाऊन तिथली माती आधी वाळते. आणि काडीचा वास घ्या. आंबूस, गटारासारखा आला तर मुळं सडायला लागली आहेत. अशा वेळी झाड मान टाकतं, ते बघून माणूस आणखी पाणी घालतो आणि झाड जातं.

तागडी, सुदामानगर

वजनाइतकं खरं काही नाही, कारण १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, यात वाद नाही. सामान तोलायचा हुकाचा डिजिटल काटा घ्या, ५० किलोपर्यंतचा चालतो. कुंडीच्या कडेला तीन भोकं, त्यात नायलॉनची दोरी, वर एक गाठ.

खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत कुंडी भरा, तासभर निथळू द्या आणि तोला. समजा १० इंची प्लॅस्टिकची कुंडी ८.४ किलो भरली. मग पाणी न देता रोज सकाळी तोलत राहा. सकाळच्या गारव्यातही पानं मलूल दिसली की तो खालचा आकडा, समजा ६.०. मधले २.४ लिटर हे झाडाला मिळू शकणारं पाणी. त्यातलं निम्मं उडालं, म्हणजे काटा ७.२ वर आला, की १.२ लिटर द्या, वर दहावा हिस्सा जास्त, म्हणजे क्षार खाली वाहून जातात. ही मलूल होईपर्यंतची चाचणी एकदाच करा, आणि जास्वंदीसारख्या चिवट झाडावर. नाजूक रोपावर नको.

झाड वाढतं तसं त्याचंही वजन वाढतं, म्हणून भरल्या कुंडीचा आकडा दर महिन्याला नव्याने घ्या. ताटली काढून तोला. दुपारी मान टाकलेल्या झाडावरून काहीच ठरवू नका. ४० अंशांत मुळं देतात त्याहून जास्त पाणी पानं उडवतात, आणि संध्याकाळी तेच झाड ताठ उभं असतं.

कुंभारवाडा

मातीच्या कुंडीला बोटाच्या पेराने बाहेरून टकटक करा, वर, मधे, खाली. कोरडी असेल तर खणखणीत वाजते, ओली असेल तर बद्द. आवाज जिथे बदलतो तिथपर्यंत ओल. तडा गेलेल्या कुंडीत हे फसतं, ती कोरडीही बद्दच वाजते. प्लॅस्टिकला लागू नाही.

मीटरवाला, तिलकनगर

दोन दांड्यांचे बिनबॅटरीचे मीटर सरसकट टाकाऊ नाहीत, पण ते ओल मोजत नाहीत. दोन वेगळ्या धातूंमध्ये मातीतून वाहणारा बारीक विद्युतप्रवाह मोजतात. म्हणून १९:१९:१९ या विरघळणाऱ्या खताचं पाणी घातल्यावर काटा उगाच 'ओलं' दाखवतो, आणि भुसभुशीत कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) दांडीला माती नीट चिकटत नाही तेव्हा ओलं असूनही 'कोरडं'. खत दिल्यावर आठवडाभर त्यावर विसंबू नका. वाचून झालं की लगेच काढा, पुसा. दांड्या काळ्या पडल्या की पॉलिश पेपरने हलके घासा. कडक काळ्या मातीत जोर लावलात तर दांडी वाकते.

मुठीची परीक्षा

कुंडी भरतानाच अर्धं काम होतं. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ मध्ये आपल्या इंदूरातच खताची 'इंदूर पद्धत' बसवली. कंपोस्टची ओल मुठीत दाबून बघतात, तीच कसोटी कुंडीच्या मिश्रणाला लावा. दाबल्यावर बोटांतून पाणी गळलं तर जास्त, गोळाच झाला नाही तर कमी, गोळा झाला आणि अंगठ्याने टोचताच फुटला तर बरोबर.

माळव्याची काळी माती नुसती भरू नका. ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते आणि कुंडीच्या भिंतीपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ ताटलीत येतं आणि आपल्याला वाटतं पोट भरलं. अशी कुंडी टबात, निम्म्या उंचीपर्यंत पाण्यात, अर्धा तास ठेवा. तळाला खडे घालायची जुनी सवयही सोडा. त्याने पाणी निघत नाही, तळाजवळचा चिखलाचा थर उलट खड्यांच्या वर, मुळांजवळ येतो.

वायर आणि माती, विजयनगर

तागडीकाका, वजनाचं पटतं, पण चाळीस कुंड्या रोज कोण उचलणार? कपॅसिटिव्ह सेन्सर लावा, म्हणजे धातू मातीला न लागता ओल ओळखणारी, मातीत खोचायची पट्टी. दोन उघड्या दांड्यांचा स्वस्त रेझिस्टिव्ह सेन्सर घेऊ नका, सतत वीज चालू राहिली तर तो काही आठवड्यांत गंजून जातो.

१. आधी हवेत आणि मग पट्टीवरच्या रेघेपर्यंत पाण्यात धरून आकडे लिहून ठेवा. अर्डुइनो उनोवर (सेन्सरचे आकडे वाचणारा छोटा बोर्ड) कोरड्याला ५६० च्या आसपास, पाण्यात २७० च्या आसपास येतात. प्रत्येक नगाचे वेगळे, आणि ओल वाढली की आकडा घटतो.
२. खरा आकडा आपल्या मातीतच ठरवा. तागडीकाकांचं ७.२ किलो वजन येईल तेव्हा सेन्सर काय दाखवतो, तोच पाण्याचा इशारा.
३. पट्टीच्या कापलेल्या कडांतून पाणी शिरतं. तिथे नेलपॉलिशचे दोन हात द्या. वरचे सुटे भाग इपॉक्सीने झाका.
४. पट्टीभोवती माती हाताने घट्ट दाबा, हवेची फट राहिली की कोरडं दाखवतो.
५. दहा वाचनं घेऊन मधलं धरा, आणि रोज सकाळी ६ लाच. उन्हात तापलेला सेन्सर आकडा हलवतो.

ईएसपी३२ या वायफायवाल्या बोर्डवर असाल तर पिन ३२ ते ३९ मधलीच. बाकीच्या अ‍ॅनालॉग पिना वायफाय चालू असताना वाचत नाहीत.

तुळसवाली, लोकमान्यनगर

दादा, माझ्या पुतण्याच्या सेन्सरवर पाण्यात घातला तरी आकडा जेमतेम हलतो. का?

वायर आणि माती, विजयनगर

ताई, त्यावरची आठ पायांची चिप बघायला सांगा. 'टीएलसी५५५' लिहिलं असेल तर ३.३ व्होल्टवर चालते. 'एनई५५५' असेल तर तिला किमान ४.५ व्होल्ट लागतात, आणि त्याच पट्टीवर व्होल्ट ३.३ वर उतरवणारा रेग्युलेटर बसवलेला असला तर बाहेरून ५ दिले तरी चिपपर्यंत ३.३ च पोचतात. असा नग परत करा. चिप बरोबर असेल तर सेन्सरच्या आउटपुट पिनपासून ग्राउंड पिनपर्यंत १० लाख ओहम येतात का ते मोजून बघायला सांगा. काही नगांत तो १० लाख ओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडलेलाच नसतो, तेव्हा आकडा मिनिटभर रेंगाळत खाली येतो. बारीक तारेचा एक टाका घातला की चालतो.