एटीओची टाकी लहानच बरी
खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात दोन फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीनुसार वरखाली होऊन पंप चालू-बंद करणारे) लावले की एटीओची, म्हणजे वाफ होऊन कमी झालेलं पाणी वेगळ्या टाकीतून पंपाने आपोआप भरणाऱ्या यंत्रणेची, चिंता मिटली, हे म्हणणं निम्मंच पटलं. एक अडकला तर दुसरा पंप बंद करतो, खरं आहे. पण पंप बंद झाल्यावरही पाणी येत राहिलं तर? संपमध्ये (मत्स्यालयाला जोडलेल्या खालच्या टाकीत) सोडलेलं नळीचं टोक एटीओच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असेल, तर सायफन लागतो, म्हणजे पंपाशिवायच पाणी वाहत राहतं. तिथे कंट्रोलर (पंप, हीटर आपोआप चालू-बंद करणारं उपकरण) काय, ॲप काय, सगळे नुसते बघत बसतात. नळीचं टोक एटीओच्या टाकीतल्या पाण्याच्याही वर, हवेत राहील असं क्लिपने बांधा. मुळात ती टाकीच संपच्या खाली ठेवता आली तर उत्तम.

दुसरं म्हणजे टाकीचा आकार. रोज भरायचा कंटाळा म्हणून मोठी टाकी ठेवायचा मोह होतो. १०० लिटरच्या सिस्टिममध्ये सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा) ३५ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३५ भाग मीठ, आहे असं धरा. ५ लिटर आरओचं (गाळलेलं, बिनमिठाचं) पाणी एकदम पडलं तर ती ३३.३ वर येते, कोरल बहुधा निभावून नेतील. २० लिटर पडलं तर थेट २९ च्या आसपास, आणि संप ओसंडून खारं पाणी जमिनीवर गेलं तर त्याहूनही खाली.

हीटर कंट्रोलरवर टाकणार असाल तर त्याचा स्वतःचा थर्मोस्टॅट मात्र चालू ठेवा, कंट्रोलरपेक्षा एखादा अंश वर लावून. कंट्रोलरचा रिले (आतला विजेचा स्विच) चिकटून चालूच राहिला तर पाणी तापायचं तिथे थांबतं.