मदत हवी आहे: रॉकेटला अर्थिंगच नाही, मग अरोरातलं तापमान खरं कसं मानायचं?

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. मे २०२४ मध्ये लडाखच्या हानलेहून लाल अरोरा (ध्रुवीय प्रकाश) दिसला, तेव्हापासून पोरांनी हा विषय सोडलेला नाही. शंभर-दोनशे किलोमीटरवर फुगा पोचत नाही, उपग्रह हवेच्या घर्षणाने फार दिवस टिकत नाही. म्हणून अलास्कातल्या पोकर फ्लॅटहून साउंडिंग रॉकेट (काही मिनिटं वर जाऊन खाली पडणारं मोजमापाचं रॉकेट) थेट अरोरात घुसवतात, इथवर त्यांना पटलं. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, तठे थर्मामीटर काय कामनं?" बरोबरच आहे. इलेक्ट्रॉनचं तापमान हजारो केल्विन, पण हवा इतकी विरळ की थर्मामीटरला ते कळणारच नाही.

मी लँगम्युअर प्रोब सांगितला. दांडीच्या टोकाला धातूचा छोटा गोळा, त्याचा व्होल्टेज भराभर बदलत करंट मोजायचा. सेमी-लॉग कागदावर (करंटचा लॉग, व्होल्टेज साधा) चढता भाग सरळ रेषेत येतो. रेषा जितकी उभी, तितके इलेक्ट्रॉन थंड. करंट २.७१८ पट व्हायला ०.२ व्होल्ट लागले, तर सुमारे २३०० केल्विन.

इथे मीच अडकलो. शेतातल्या मोटारीच्या अर्थिंगला आपण खड्ड्यात कोळसा-मीठ घालतो. रॉकेटला खड्डा कुठला? इलेक्ट्रॉन आयनांपेक्षा (इलेक्ट्रॉन गमावलेल्या जड अणू-रेणूंपेक्षा) चपळ, त्यामुळे रॉकेटचं अंगच ऋणभारित होतं. मग प्रोबचा व्होल्टेज कशाच्या तुलनेत धरायचा? सोमवारी तास आहे, कोणी समजावलंत तर फार बरं होईल.

प्रतिसाद
सर, अंग ऋण आहे म्हणून बिघडत नाही. ते स्थिर असेल तर आलेख नुसता बाजूला सरकतो, चढ तोच राहतो. पंचाईत वेगळीच आहे. प्रोब इलेक्ट्रॉन ओढतो, तेव्हा हिशेब जुळवायला रॉकेटच्या अंगाला तेवढेच आयन मिळावे लागतात. एकाच तापमानाला ऑक्सिजनचा आयन इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे १७० पट हळू. अंग लहान पडलं तर ते आणखी ऋण होत जातं, तुम्ही वाढवलेला व्होल्टेज त्यातच जिरतो, रेषा आडवी होते आणि तापमान खोटंच जास्त दिसतं. म्हणून अंगाचं उघडं धातूचं क्षेत्रफळ प्रोबच्या हजारपट वगैरे ठेवतात. आणि लॉग घेण्याआधी आयनांचा करंट वजा करायला विसरू नका.

धागाकर्ता
मनापासून आभार, दादा. क्षेत्रफळाचं डोक्यातच आलं नव्हतं. आणखी एक: रॉकेट स्वतःभोवती फिरताना प्रोब त्याच्या आडोशाला जातो, तिथली रीडिंग सरळ वगळतात का?