वेळ द्यायचा, पण कशासाठी?
मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबचे मॅनेजर म्हणून अ‍ॅलेक्स फर्ग्युसन १९८६ मध्ये आले आणि पहिला करंडक १९९० मध्ये मिळाला, म्हणून आपल्याही मॅनेजरला वेळ द्या, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. फर्ग्युसन तेव्हा तरुण खेळाडूंची फळी उभी करत होते. आपल्याकडे काय उभं राहतंय? कालच्या सामन्यात आपला लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, दर हल्ल्याला एकटा पडत होता, बेंचकडे बघून हातवारे करत होता, आणि पहिला बदली खेळाडू उतरला थेट ८१व्या मिनिटाला! फार वाईट वाटलं त्या पोराचं.

चेल्सी क्लबने जानेवारी २०२१ मध्ये मॅनेजर लॅम्पार्डला काढून टूखेलला आणलं आणि मे महिन्यात चॅम्पियन्स लीग ही युरोपातली सर्वात मोठी क्लब स्पर्धा जिंकली. खेळाडू तेच. आपला मॅनेजर माणूस म्हणून भला आहे, मान्य. पण ट्रान्सफर विंडो (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा ठरलेला काळ) उघडायच्या आत मॅनेजर बदलायला हवा, म्हणजे नव्या मॅनेजरला हवे ते खेळाडू घेता येतील.