एलन की: मिटणारा सेट की सुट्या चाव्या?

जुना फिटर:
काल 'सायकलवाला' यांनी लिहिलं, 'घरी चाकूसारखा मिटणारा एकच सेट पुरतो, सुट्या एलन कीचा पसारा नको.' एलन की म्हणजे षटकोनी भोकाचे बोल्ट फिरवायची काटकोनात वाकलेली चावी. 33 वर्षं कारखान्यात हेच केलं, म्हणून गप्प बसवत नाही. मिटणाऱ्या सेटचं जाड हँडल कपाटाच्या कोपऱ्यात फिरत नाही, खोल भोकातल्या बोल्टपर्यंत पोचत नाही. सुटी चावी दोन्हीकडून चालते: आखूड टोक बोल्टमध्ये घातलं की जोर मिळतो, लांब टोक घातलं की भराभर फिरते. 1.5 ते 10 मिमीच्या नऊ चाव्या घ्या. एम 6 च्या, म्हणजे 6 मिमी जाडीच्या, एलन बोल्टला 5 ची चावी लागते, पण घुमटी डोक्याच्या एम 6 ला 4.

सायकलवाला:
कारखाना वेगळा, घर वेगळं. सायकलला बहुतेक वेळा 4, 5, 6 एवढंच लागतं. सुट्या चाव्यांतली 2.5 ची माझ्याकडून तीनदा हरवली. मिटणाऱ्यातली हरवूच शकत नाही.

राजापूरची:
हरवण्याआधी गंजते, ते बोला. गणपतीत मखराचे बोल्ट काढायला गेले, तर 3 ची चावी प्लास्टिकच्या होल्डरमधून निघेना. ओढली, होल्डरचा कानच तुटला. आता लाकडी ठोकळ्यात भोकं पाडली आहेत. मे महिन्यात प्रत्येक चावी मशीन ऑइलच्या फडक्याने पुसते.

ड्रिलवाला:
इंची चाव्यांचं कुणीच बोलत नाही! वडिलांच्या जुन्या ड्रिलिंग मशीनला 1/4 इंची चावीचा एलन बोल्ट होता. 6 ची चावी आत गेली, जरा ढिली वाटली, जोर दिला आणि षटकोन गोल झाला. बोल्ट ड्रिलने पोखरून काढायला दोन संध्याकाळी गेल्या. वडिलांचं मशीन होतं ते.

जुना फिटर:
1/4 म्हणजे 6.35 मिमी. ढिली वाटली तिथेच हात थांबवायचा. चूक चावीची नाही.

ड्रिलवाला:
मला कोण सांगणार होतं? दुकानदाराने इंची आणि मिमी एकाच पुडीत बांधून दिल्या होत्या. 33 वर्षांचा अनुभव आहे तर शिकवा, झापू नका.

सायकलवाला:
बरोबर. इथे कुणी विचारलं की आधी बोलणीच खावी लागतात.

जुना फिटर:
झापायचं नव्हतं. बोल्ट खराब झालेला बघवत नाही, म्हणून तोंडातून गेलं. नीट सांगतो. 5/32 म्हणजे 3.97, तिथे 4 ची चालून जाते. त्यामुळे सगळीकडे असंच जमेल असं वाटतं. पण 3/16 म्हणजे 4.76: 5 ची शिरत नाही, 4 ची नुसती फिरते. जुनं मशीन घरात असेल तर इंची सेट घ्यावाच लागतो, आणि तो वेगळ्या डब्यात. चावीचं टोक झिजलं तर ग्राइंडरवर दोन मिमी सपाट घासा, मध्येमध्ये पाण्यात बुडवा. तापून निळं पडलं की पोलाद मऊ होतं.

ड्रिलवाला:
हे पहिल्यांदाच सांगितलं असतंत तर इतकं वाढलं नसतं. आज घासून बघतो.

सायकलवाला:
घरासाठी सुटा सेट घेतो, ठीक आहे. पण सीटखालच्या पिशवीत मिटणाराच राहणार.

जुना फिटर:
सायकलवर चालेल. घरात नाही.

राजापूरची:
ठोकळा केलात तर भोकाखाली आकडे खिळ्याने कोरा. मी पेनने लिहिले होते, तेलाने पहिल्याच पावसात गेले.