ठाणे-नवी मुंबईत सुतारकाम शिकवणारा वर्ग किंवा गट आहे का? (मदत हवी आहे)

खाडीकाठ
तीन आठवडे शोध चालू आहे. जिथे फोन करावा तिथे इंटिरियर डिझाइनचा कोर्स गळ्यात मारतात, नाहीतर दोन तासांत पाटी रंगवून घरी न्यायची कार्यशाळा निघते. मला सुतारकाम शिकायचं आहे, करवत कशी धरायची इथपासून. ठाणे किंवा नवी मुंबईत वर्ग अथवा हौशी लोकांचा गट कुणाला माहीत आहे का? अवजारं घरात आहेत. यूट्यूब सुचवू नका, बघून झालंय. जरा लवकर सांगा, पावसाळा तोंडावर आलाय.

किसननगरकर
भाऊ, वागळे इस्टेटच्या सरकारी आयटीआयमध्ये जाऊन चौकशी करा. आयटीआयचा कारपेंटर ट्रेड एक वर्षाचा असतो, आठवी पास चालतं, वयाला वरची मर्यादा नाही. माझा पुतण्या हाच ट्रेड करून आज स्वतःची कामं घेतो.

नेरुळ_पूर्व
तो रोज दिवसभराचा कोर्स आहे. नोकरी असेल तर कसं जमणार? धागाकर्ते, राहता कुठे? शनिवार-रविवारच मोकळा आहे का? हातअवजारं की मशीन? आणि पावसाळ्याचा संबंध कळला नाही.

प्लायवाला
किचनसाठी साधा प्लाय घेऊ नका. बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा), आयएस ७१० या मानकाचा शिक्का बघूनच घ्या. आयएस ३०३ वाला सिंकखाली दोन पावसाळ्यांत फुगतो.

नेरुळ_पूर्व
त्यांनी किचनचं विचारलेलं नाही हो.

घोडबंदर_वर्कशॉप
माझं ऐका, हाताने रंधा मारत बसू नका. एक सर्क्युलर सॉ (गोल पात्याची विजेची करवत), एक ड्रिल, एक सँडर घ्या. मी गॅरेजमध्ये चार महिन्यांत पलंग केला. क्लासची गरजच नाही.

जुना_कळवेकर
सहमत नाही. नवख्याच्या हातात पहिल्याच दिवशी सर्क्युलर सॉ? पातं लाकडात अडकलं की मशीन मागे उसळतं, ते सांभाळायला शिकवणारा शेजारी लागतो. आणि फ्लॅटमध्ये त्याचा आवाज, भुसा कोण सहन करणार? आधी करवत रेषेवर चालू दे.

घोडबंदर_वर्कशॉप
आवाज होतो हे मान्य. पण हाताने शिकणारे महिन्याभरात कंटाळून सोडतात, हे मी पाहिलंय.

खाडीकाठ
मी बाई आहे, भाऊ नाही. ऐरोलीत राहते, नोकरी वाशीत, रविवारच मोकळा. अवजारं आजोबांची आहेत, ते संगमेश्वरकडे सुतारकाम करायचे. घर विकलं तेव्हा पेटी मी आणली. त्यात लाकडी रंधे, पटाश्या (लाकडाच्या छिन्न्या), गुण्या (काटकोन बघायचा) आहे. दोन पटाश्यांवर गंज चढलाय, आणखी एक पावसाळा गेला तर उरेल ते खरं नाही. आजोबांच्या हाताने मुठीला पडलेला खळगा आहे, तिथे माझा अंगठा बसतो. शोभेला ठेवायची नाहीत, वापरायची आहेत.

जुना_कळवेकर
हे पहिल्यांदाच सांगायला हवं होतं ताई. मग वर्ग शोधण्याआधी धार लावायला शिका. बोथट पटाशीने कुणीही शिकवलं तरी काही येणार नाही.

पटाशीचं फक्त लोखंड रात्रभर व्हिनेगरमध्ये, मूठ बाहेर. सकाळी घासून, सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडं करून लगेच तेल. मग धारेसाठी कार्बोरंडमचा दोन बाजूंचा दगड, एक बाजू जाड, एक बारीक. आधी पटाशीची सपाट पाठ, धारेजवळचा इंचभर भाग तरी, पूर्ण सपाट करा. नव्वद टक्के लोक इथेच घाई करतात. नंतर धारेचा तिरका उतार साधारण २५ अंशांवर धरून घासा. पाठीकडून अंगठा धारेबाहेर हलकेच ओढला की सगळ्या रुंदीवर बारीक खरखर लागली पाहिजे. ती लागली म्हणजे धार टोकाला पोचली. मग बारीक बाजूवर ती खरखर काढा.

लाकडी रंध्याला पाणी लावू नका, जवसाचं तेल चोळा. त्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, उघडं वाळत घाला. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं.

माणगाव_खोरे
आजोबांवरून आठवलं, आमच्या सावंतवाडीत खेळणी पांगाऱ्याच्या लाकडाची करायचे. हलकं आणि मऊ. चितारआळीत लहानपणी तासन्‌तास उभा राहायचो.

नेरुळ_पूर्व
पांगारा इथे कुठे मिळणार? सरावाला पॅकिंगचं पाइन घ्या. फळीवर ‘एचटी’ शिक्का बघा, म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली. ‘एमबी’ असेल तर सोडा, त्यावर विषारी धुरी दिलेली असते. आणि खिळे शोधून काढा, नाहीतर आजोबांच्या रंध्याला खाच पडेल.

किसननगरकर
ताई, माफ करा. तरी आयटीआयमध्ये एकदा जाऊन याच. तिथल्या निदेशकांना विचारा, रविवारी कुणी शिकवतं का.

खाडीकाठ
जाते. व्हिनेगर आज आणलं. पण पाठ सपाट झाली हे ओळखायचं कसं? यूट्यूबवर सगळे ‘चकाकेपर्यंत’ म्हणतात, माझी मधेच चकाकते, कडेला नाही.

जुना_कळवेकर
मधे चकाकते म्हणजे तिथे फुगवटा आहे, किंवा तुमचा दगडच कडेला झिजून मधे उंच राहिलाय. फोटोवरून कळणार नाही. दोन पटाश्या आणि दगड घेऊन रविवारी सकाळी कळव्याला या, मी आणि सौ. घरी असतो. पत्ता व्यनि (खासगी निरोप) केलाय.

नेरुळ_पूर्व
मीही येऊ का? माझ्याकडे वडिलांची करवत आहे, दात पाडून घ्यायचेत.