कोकणातल्या लहान शहरांचे गावपण कशात असते?

प्रश्न : मी वेंगुर्ल्यात वाढलो. रस्ते आणि इमारती वाढल्या तरी शहराचे व्यक्तिमत्त्व त्यांतून घडत नाही, असे मला वाटते. मग ते कशातून घडते?

उत्तर १ : संस्थांतून. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे, तर चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचे आहे. जुलै २०२१ च्या महापुराचा तडाखा बसूनही चिपळूणचे वाचनालय पुन्हा उभे राहिले, कारण ते आपले आहे असे मानणारी माणसे शहरात होती.

उत्तर २ : मान्य, पण पोटापाण्याचेही पाहावे. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते यांनी शहराला ओळख दिली आणि कारागिरांना कामही.

उत्तर ३ : चाकरमान्यांना विसरू नका, गणपतीला आलेली माणसे शाळेच्या छपराचीही चौकशी करतात.